रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग मुलाला झालंय काय?

(पत्र थोडं लहान केलंय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

"ताई, माझा मुलगा २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही, आता संक्रांत होऊन गेली. खोलीचं दार लावून बसतो, रात्रभर जागा असतो, मोबाईलला स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुंडाळून ठेवलीये. म्हणतो, खालचा वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचे लोक माझ्या मनातलं ऐकतात आणि त्यावर आपापसात बोलतात. जाऊबाईंनी दिलेली भाजी खात नाही, त्यात काहीतरी घातलंय म्हणतो. एकटाच पुटपुटतो, मधेच हसतो. पहिल्या वर्षी ढोल पथकात बोटं सोलपटेपर्यंत वाजवायचा, यंदा गणपतीत तिकडे फिरकलाही नाही, दोन विषयांत केटी लागली, आम्हाला वाटलं टेन्शन असेल. दोन आठवड्यांपूर्वी मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. रक्त, थायरॉईड, एमआरआय सगळं नॉर्मल. कागदावर सायकोसिस लिहिलं, गोळ्या दिल्या. मी विचारलं स्किझोफ्रेनिया का, तर म्हणाले आत्ताच नाव नको द्यायला. हे म्हणतात नाटकं आहेत. सासूबाई म्हणतात तो पोटात असताना तू ग्रहण पाळलं नाहीस. ह्यांचे एक चुलते तरुणपणी असेच घर सोडून गेले होते. आणि मला राहून राहून वाटतं, जेईईत मार्क कमी पडले तेव्हा मी त्याला नको नको ते बोलले, त्यानेच तर नाही ना झालं? सोमवारी परत दाखवायचंय."

ताई, शेवटचा प्रश्न पहिला घेते, कारण तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुमच्या बोलण्यामुळे हे झालेलं नाही. धीर द्यायचा म्हणून नाही म्हणत, यामागे एक जुनी आणि जरा लाजिरवाणी गोष्ट आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान नावाच्या, जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' असा शब्दच वापरला, आणि मग पुढची वीस-पंचवीस वर्षं तिकडचे डॉक्टर मुलाचा आजार बघून आईकडे वळून बघायचे, ही थंड असेल नाहीतर फार कडक असेल म्हणून. नंतर नीट अभ्यास झाले, जुळ्यांचे झाले, दत्तक गेलेल्या मुलांचे झाले, आणि ते सगळं फोल ठरलं. जेईईच्या मार्कांवरून महाराष्ट्रात किती घरांत भांडणं होतात ते काय तुम्हाला सांगायला नको, त्याने हा आजार होत असता तर ओपीडीत उभं राहायला जागा उरली नसती.

आता मुलाकडे येऊ. कागदावरचं सायकोसिस म्हणजे भास-भ्रम होऊन खरं काय आणि मनातलं काय हे कळेनासं होणं, आणि स्किझोफ्रेनिया हा ते घडवणाऱ्या आजारांपैकी एक. मी डॉक्टर नाही, मनोविकार विभागात सोशल वर्कर म्हणून २२ वर्षं काढलीत, त्यामुळे तुमच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे मी पत्रावरून सांगणार नाही आणि कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातली कुठली गोष्ट कुठे बसते ते सांगता येईल.

वॉचमन आणि वरचे लोक बोलतात हा भास. जाऊबाईंच्या भाजीत काहीतरी आहे हा भ्रम, म्हणजे पुरावा नसताना पक्का बसलेला आणि समजावून न हलणारा समज. मनातलं बाहेर ऐकू जातं, हेही भ्रमातच येतं पण त्याचं महत्त्व वेगळं आहे, कुर्ट श्नायडर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी जी खास लक्षणं वेगळी काढली होती त्यात हे होतं, आणि दोन माणसं आपल्याविषयी 'तो असा, तो तसा' करत बोलतायत असे आवाज येणं हेही होतं. पूर्वी ही दिसली की डॉक्टर लगेच स्किझोफ्रेनिया म्हणून मोकळे व्हायचे, आता तसं करत नाहीत कारण ही लक्षणं दुसऱ्या आजारांतही सापडतात. फॉइल हे वेगळं लक्षण नाही हो, तो त्याचा बिचाऱ्याचा उपाय आहे, मनातलं बाहेर जातंय तर निदान मोबाईलमधून तरी जाऊ नये.

ही झाली डोळ्यावर येणारी लक्षणं, डॉक्टर यांना पॉझिटिव्ह म्हणतात, पॉझिटिव्ह म्हणजे चांगली असं नाही, नॉर्मल माणसात नसतं ते काहीतरी जास्तीचं आलेलं. निगेटिव्ह म्हणजे होतं ते गेलेलं. आणि ताई, माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ढोल पथकाची आहे. बोटं सोलपटेपर्यंत वाजवणारा मुलगा पथकाकडे फिरकत नाही, त्याचं त्याला काही वाटतही नाही, मित्रांचे फोन घेत नाही, आंघोळीचा कंटाळा, चेहऱ्यावर काही उमटत नाही, विचारलं तर 'हं', 'नाही', एवढंच. घरच्यांना हा आळस वाटतो नाहीतर माज वाटतो. तुमच्या मिस्टरांना नाटकं वाटतात ती यामुळेच. भास ऐकणाऱ्या मुलाची घरच्यांना दया तरी येते, दुपारी दोनपर्यंत अंथरुणात पडलेल्याची कुणाला येत नाही, पण आजार तोच असू शकतो. केटीचंही तसंच, लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, हा तिसरा प्रकार, आणि बऱ्याचदा आवाज सुरू व्हायच्या आधी काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंसुद्धा हे हळूहळू सुरू झालेलं असतं. तेव्हा कुणालाच कळत नाही, कारण १८ ते २५ या वयात कुठला मुलगा दार लावून बसत नाही?

'तो माझं ऐकतच नाही, एवढं समजावते' असं तुम्ही पुढे लिहिलंय, पत्र लहान करताना ते वर गळलं. समजावून का पटत नाही ते कळायला एक करून बघा, स्वतःच्या हाताने स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करा. होत नाहीत ना? कारण हात हलायच्या आधीच मेंदूने स्वतःला कळवलेलं असतं की हे मीच करतोय. लंडनमधल्या संशोधकांनी २००० साली हाच प्रयोग आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांवर केला, तर त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवला. आता हेच मनातल्या बोलण्याला लावा. आपण सगळेच दिवसभर मनात बोलत असतो, 'गॅस बंद केला का', 'ही बया परत आली', पण ते आपलंच आहे हा शिक्का त्यावर असतो. तो शिक्का पडला नाही तर? मग तो आवाज बाहेरून येतो, वॉचमनच्या तोंडून येतो. तज्ज्ञांच्या मते भास होण्याचं हे एक कारण असावं. आवाज येत असताना मेंदूचे भाषेचे भाग खरोखर काम करत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलंय, म्हणजे त्याला ऐकू येतं हे खोटं नाही, बोलणारा मात्र बाहेर कुणी नाही.

आणि वॉचमनच का, भाजीच का? मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, त्याचं एक काम म्हणजे 'इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे' अशी खूण करणं. ते नको तिथे, नको तेवढं सुटायला लागलं की वॉचमनचं खोकणं, रिक्षाचा हॉर्न, जाऊबाईंनी डबा देताना थोडं थांबणं, सगळ्यावर खूण पडते, सगळं आपल्यासाठीच चाललंय असं वाटतं, आणि मग डोकं त्याची गोष्ट जुळवतं. गोळ्या या डोपामिनला आवर घालतात. नव्या खुणा पडायच्या कमी होतात, पण आधी जुळवलेली गोष्ट लगेच पुसली जात नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका आणि गोळ्या तर अजिबात बंद करू नका. (शेजारचे म्हणतील झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल. त्या झोपेच्या नाहीत आणि व्यसन लागण्यातल्याही नाहीत. झोप येते, वजन वाढतं, काहींचे हातपाय कडक होतात, काहींना एका जागी बसवत नाही, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते.)

आता डॉक्टर नाव का देत नाहीत. तुम्हाला ते टाळाटाळ वाटलं, मला उलट बरं वाटलं.

या आजाराची रक्ताची टेस्ट नाही, एमआरआयमध्येही तो 'दिसत' नाही. तुमच्या मुलाच्या ज्या तपासण्या केल्या त्या स्किझोफ्रेनिया शोधायला नव्हत्याच, दुसरं काही नाही ना हे बघायला होत्या. थायरॉईड बिघडलं, बी-ट्वेल्व्ह फार कमी झालं, मेंदूला सूज आली, गाठ असली, फिट्सचा काही प्रकार असला, गांजा किंवा दुसरी नशा असली तरी माणूस अस्साच वागू शकतो. ते सगळं बाजूला पडलं म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येणं ही चांगली बातमी आहे, 'मग काहीच नाही' असा त्याचा अर्थ नाही. आणि पुढे निदान होतं ते लक्षणं आणि काळ यावरून. आपल्याकडचे डॉक्टर बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही आजारांची यादी वापरतात, त्यात लक्षणं कमीत कमी महिनाभर तरी हवीत. अमेरिकेच्या डीएसएम या तशाच यादीमध्ये मागची-पुढची सौम्य लक्षणं धरून एकूण सहा महिने लागतात. शिवाय मूडचा आजार नाही ना ते बघावं लागतं, बायपोलरमध्ये (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) किंवा खूप खोल डिप्रेशनमध्येही आवाज येतात, संशय येतात, आणि तिथे पुढची औषधं वेगळी असतात. सुरुवातीच्या गोळ्या मात्र बऱ्याचदा त्याच, म्हणून नाव ठरेपर्यंत उपचार थांबलेले नाहीत हे लक्षात घ्या.

एक काका आठवतात मला, साताऱ्याकडचे, घरी दोन म्हशी. मुलाला घेऊन आले तेव्हा पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडरच काढलं, गुंडाळलेलं, वर खिळ्याचं भोक तसंच. त्यावर दुधाचे खाडे लिहायचे ना आपण, त्याच चौकोनांत बारीक पेनने लिहिलेलं 'आं. ना.', 'रा. जा.', 'हसला', 'भाकरी टाकली'. आं. ना. म्हणजे आंघोळ नाही, रा. जा. म्हणजे रात्र जागा. डॉक्टरांनी सगळी पानं टेबलावर पसरली, आणि एप्रिलमध्ये सलग दहा-बारा दिवस सापडले जिथे लिहिलं होतं 'झोप नाही तरी तरतरीत', 'गाणी', 'उसने ५ हजार वाटले'. काकांना ते दिवस बरे वाटले होते, पोरगं खुशीत आहे म्हणून त्यांनी सांगितलेच नव्हते. त्या दहा-बारा चौकोनांवरून डॉक्टरांचा विचार स्किझोफ्रेनियावरून बायपोलरकडे वळला आणि पुढे तेच निघालं. लॅबमध्ये जे मिळत नाही ते घरातल्या भिंतीवर होतं.

म्हणून सोमवारच्या आत बसा आणि मागे जा. पथकाला जाणं कधी बंद झालं, पहिली केटी कधीची, झोप कधी उलटी झाली, आवाजांचं पहिल्यांदा कधी बोलला, मधे कधी फार खुशीत किंवा फार रडवेला होता का. तारीख आठवत नसेल तर सणावरून लावा, गणपतीच्या आधी, दसऱ्यानंतर, चालतं.

आणि गांजा. हा प्रश्न आई-वडील विचारत नाहीत, मुलं सांगत नाहीत, आणि हॉस्टेलवर तो मिळतो हे सगळ्यांना माहिती असतं. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५ हजारांवर तरुणांचा पाठपुरावा करून १९८७ साली एक अभ्यास छापून आला, त्यात भरतीच्या वेळेपर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहा पट होतं. ओढणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही हेही खरं, पण ज्याच्यात मुळात कल आहे त्याला तो ढकलतो, आणि औषधं चालू असताना ओढला तर आजार उलटतो. त्याला तुम्ही विचारू नका, डॉक्टरांना सांगा की आम्ही बाहेर थांबतो, तुम्ही एकट्याला विचारा.

आता सासूबाई. ग्रहणाचा आणि याचा काडीचा संबंध नाही. पण गरोदरपणाचा अजिबात संबंध नाही असंही नाही, १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडचं अन्न अडवलं, भयंकर उपासमार झाली, आणि त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली त्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया दुपटीने दिसला. बाळंतपणातल्या अडचणींनीही धोका थोडा वाढतो. म्हणजे पोटातल्या बाळाच्या मेंदूला अन्न आणि ऑक्सिजन लागतो, चंद्राच्या सावलीचं त्याला काही नसतं. ग्रहणात भाजी चिरलीत, उपाशी नव्हता राहिलात ना, मग झालं तर.

चुलतसासऱ्यांचं मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. ते का गेले कुणाला ठाऊक, घर सोडणारा प्रत्येक जण आजारी नसतो, पण घरात पूर्वी कुणाला असं होतं का ही माहिती लागते. आणि हो, यावरून 'तुमच्या घराण्यातून आलं' हे भांडण सुरू व्हायच्या आधीच आकडे सांगून ठेवते. कुणालाही हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. आई किंवा वडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. अगदी एकसारख्या जुळ्यातल्या एकाला असला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच, आणि तिथे तर जीन्स तंतोतंत तेच असतात. आणि बहुतेक रुग्णांच्या आई-वडिलांत, भावंडांत कुणालाच नसतो. २०२२ साली एका मोठ्या अभ्यासात या आजाराशी संबंधित २८७ जागा आपल्या जीन्समध्ये सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. २८७ चिमटीतल्या माहेरच्या किती आणि सासरच्या किती हे काढत बसायला कुणाला वेळ असेल तर बसू दे. जीन्सचा कल, त्यावर पोटातलं किंवा लहानपणचं काही, त्यावर नशा, जागरण, हॉस्टेलचा ताण, असं साठत जातं. ताण ठिणगी टाकतो, पण फटाक्यात दारू आधीच भरलेली असावी लागते.

शब्दाचंही एक सांगते, कारण तुम्ही गुगल केलं असणार. स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये काढला, ग्रीकमध्ये दुभंगलेलं मन, म्हणून मराठीत छिन्नमनस्कता. त्यावरून लोकांना वाटतं एका माणसात दोन माणसं. तसं काही नसतं, तो वेगळाच प्रकार आहे. विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी सांधा सुटतो एवढंच त्यांना म्हणायचं होतं. जपानमध्ये तर या नावाच्या भीतीने डॉक्टर रुग्णाला निदानच सांगायचे नाहीत, शेवटी २००२ मध्ये त्यांनी नाव बदललं.

घरात काय करायचं ते थोडक्यात. 'असं काही नाहीये' म्हणून वाद घालू नका आणि 'हो रे, वॉचमन वाईटच आहे' असंही म्हणू नका. 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला येतोय आणि तू घाबरलायस हे मला दिसतंय, चल चहा टाकते', एवढं पुरतं. जाऊबाईंची भाजी नको तर नको, त्याच्यासमोर तुम्ही कुकर लावा, तो खाईल. मिस्टरांना हे नक्की वाचायला द्या, कारण इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच दाखवलंय की सतत टोमणे, राग आणि उठता-बसता काळजीचा भडिमार असलेल्या घरांत आजार लवकर उलटतो. टोमण्यांनी आजार होत नाही हे वर सांगितलंच, उलटतो मात्र, हे दोन वेगळे आहेत.

उतरवायला नेऊ नका. तुम्हाला अंगारा लावायचा असेल तर लावा, गोळी चुकवू नका म्हणजे झालं, पण भूत काढायच्या नावाखाली कुणी मारलं, धुरी दिली तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. आणि लग्न करून दिलं की सुटेल असं कुणीतरी म्हणणारच आहे, अजून म्हटलं नसेल तर येत्या लग्नसराईत म्हणेल. त्या व्यक्तीला चहा देऊन वाटेला लावा.

आवाज 'मर', 'उडी मार', 'याला मार' असं सांगत असतील, किंवा तो जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अडल्यानडल्याला सरकारची टेलि-मानस लाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही. पुण्याला जाणं झालं तर 'सा', म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, त्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाची चौकशी करा, कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती सुरू केली, त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. तिथे तुमच्यासारख्या आया भेटतील, माझ्यापेक्षा त्यांचं बोलणं जास्त कामाचं.

पुढे काय, हे आज कुणी सांगू शकत नाही. काहींना एकदाच येऊन जातो, काहींना अधूनमधून उलटतो, काहींना कायम गोळ्या आणि आधार लागतो. उपचार जितके लवकर तितकं पुढचं सोपं जातं, आणि तुम्ही अडीच महिन्यांत पोचलात, कित्येक जण चार-चार वर्षं देवळं फिरून मग येतात. कॉलेजला अर्ज देऊन हे वर्ष थांबवा, रद्द करू नका.

आणि सोमवारी जाताना मागच्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत गेलं नसेल तर तेही घेऊन जा. दुधाचे खाडे, सिलेंडरच्या तारखा, तो घरी आला-गेला ते, काहीतरी लिहिलेलं असेलच, त्यावरून बाकीचं आठवेल.